सोसायटीचा ग्रुप – गेटजवळचा वाडा : कोटेशन आणि अभ्यासिका

ए-४०१ : गेटजवळच्या जुन्या वाड्याच्या दोन खोल्यांचं काम पावसाळ्याआधी उरकायचंय, अभ्यासिका करायचं ठरलंच आहे. कोटेशन आलंय, सगळीकडे सिमेंट प्लास्टर, वर पीओपी, खांबांना ऑइलपेंट, खाली टाइल्स. आज सगळ्यांनी ओके टाका

सी-१०२ : ओके

बी-३०३ : दादा प्लीज थांबा. अभ्यासिकेला माझा पूर्ण पाठिंबा आहे, माणसांचा वावर नसला की वाडा लवकर जातो, कौल सरकून पाणी आत आलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. पण सिमेंट नको. त्या भिंती विटांच्या आणि चुन्याच्या आहेत, जमिनीतली ओल वर चढते आणि चुन्यातनं बाहेर पडून वाळते, वरून सिमेंट थापलं की ती आतच कोंडणार, लोणा, म्हणजे भिंतीवर फुटणारा पांढरा क्षार, अजून वर चढणार आणि छताच्या लाकडी तुळईचं जे टोक भिंतीत आहे ना तेच कुजायला लागणार, बाहेरून मात्र भिंत एकदम छान दिसत राहणार

सी-२०२ : जुनं म्हणून किती जपत बसायचं? त्यापेक्षा पाडून पार्किंग करा, रोज गाड्यांवरून भांडणं होतात

बी-३०३ : काका पार्किंगचा त्रास मलाही आहे, पण तिथे चार गाड्या बसतील, त्यासाठी सागवानी खांब आणि कडीपाट, म्हणजे ते लाकडी छत, घालवायचं? आपला पुण्यातला विश्रामबागवाडाच बघा ना. दुसऱ्या बाजीरावानं राहायला बांधला, पेशवाई गेल्यावर १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, १८७९ च्या आगीत बराच भाग जळला तो परत उभा केला, पुढे नगरपालिकेची कचेरी, खाली पोस्ट. प्रत्येक पिढीला त्याचा काहीतरी उपयोग होता म्हणून तो आज उभा आहे. मुंबईत कावसजी जहांगीर हॉलचं १९९६ ला आर्ट गॅलरीत रूपांतर झालं, तिथे बाहेरचं तसंच ठेवून आतलं सगळं नवीन केलं, तेही चालतं, पण आपल्याकडे बघण्यासारखं जे आहे ते आतच आहे

ए-४०१ : ताई चुन्याचा खर्च? आणि वेळ?

बी-३०३ : दोन्ही जास्त लागणार, चुना सावकाश धरतो. पीओपी, टाइल्स आणि ऑइलपेंट काढून टाका, ते पैसे तिकडे वळतील. वायरिंगवर मात्र अजिबात काटकसर नको, लाकडाला खरी भीती आगीची, सगळी वायर नवीन, भिंत न फोडता वरून पाईपमधनं

डी-१०१ : उंबरा मधोमध झिजलाय गं, तो तरी बदला, मी अडखळते

बी-३०३ : आजी तुमच्यासाठी बाजूच्या दाराला रॅम्प करू, तिकडे उंबराच नाहीये. हा मात्र राहू दे, इतक्या लोकांच्या पायांनी झिजलाय तो, तसा नवा कुठल्या दुकानात मिळणार आहे? खांबांचंही तेच, हाताला गुळगुळीत लागतात, रंग लावला की गेलं सगळं. वाळवीनं पोखरलेलं लाकूड बदलूच, तिथे तडजोड नाही, पण जोडलेला तुकडा नवीन दिसला तर दिसू दे, त्याला जुनाट पॉलिश मारून फसवायला नको

सी-२०२ : इंजिनिअरकडून वाड्याचं स्ट्रक्चरल ऑडिट केलं आणि त्यात तुळया गेलेल्या निघाल्या तर?

बी-३०३ : तर आधी टेकू आणि दुरुस्ती, तोवर मुलांना आत सोडायचं नाही, त्यावर माझं काहीच म्हणणं नाही काका

ए-४०१ : ठीक, कोटेशन होल्डवर. आधी ऑडिट, मग चुन्याच्या कामाचं वेगळं कोटेशन. बी-३०३ तुम्ही कारागिरांचे नंबर मला पर्सनलवर पाठवा