पांढऱ्या गाडीवर बारीक तपकिरी ठिपके, घरी काढता येतील का? (फाउंड्रीत पार्किंग, कोल्हापूर)

नमस्कार मंडळी, गाडी धुण्यातलं ज्यांना खरंच कळतंय त्यांनी जरा नीट वाचून सांगा. लांबलंय, पण सगळं लिहिल्याशिवाय बरोबर उत्तर मिळणार नाही म्हणून लिहितोय.

गाडी म्हणजे अपाचे १६० बाईक, पांढरी, ग्लॉसी पेंट, मॅट नाही. राहायला राजारामपुरीत, कामाला शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात. रोज तावडे हॉटेलवरून हायवेनं जायचं आणि पूर्ण शिफ्ट गाडी कंपनीच्या आवारात उभी. पार्किंग फेटलिंगच्या शेडला लागूनच आहे, म्हणजे कास्टिंगला ग्राइंडर लागला की ठिणग्यांबरोबर जो बारीक लोखंडाचा भुगा उडतो तो वाऱ्यानं सगळा तिकडंच येतो, वर मोल्डिंगची, म्हणजे साच्यांची वाळू आहेच. उन्हाळ्यात नुसती काळी धूळ दिसायची आणि पाणी मारलं की जायची. पाऊस सुरू झाला आणि टाकीवर, मागच्या काउलवर (सीटखालचं बाजूचं कव्हर), पुढच्या मडगार्डवर मोहरीपेक्षा बारीक तपकिरी ठिपके उगवायला लागले. लांबून गाडी पांढरीच दिसते, जवळ गेलं की पिवळट वाटते, आणि हात फिरवला तर खरखरीत लागतंय.

धुण्याची पद्धत सांगतो. रविवारी सकाळी ऊन यायच्या आत, इंजिन गार असताना, बादलीनं. आमच्या बिल्डिंगला खाली एकच नळ आहे तोही बोअरचा, पाइप लावला की वरची मंडळी ओरडतात, त्यामुळं प्रेशर वगैरे विषयच नाही. आधी नुसतं पाणी ओतून माती सोडवतो, मग गाडीचा शाम्पू, मायक्रोफायबर, वरून खाली. चाकं आणि इंजिनला वेगळा फडका. कपड्याची पावडर कधीच वापरत नाही. एवढं करूनसुद्धा ठिपके जागचे हलंनात.

आता ज्याला विचारावं तो वेगळं सांगतोय. कंपनीतला एकजण म्हणतोय रबिंग कंपाउंड घास, एका दिवसात निघतंय. घरात म्हणतात लिंबू लाव. एका वॉशिंग सेंटरवर गेलो तर तो म्हणाला अ‍ॅसिड मारून देतो, दहा मिनिटांचं काम आहे, आणि वर डिझेलचा फवारा मारला की नवीन दिसेल. मी गाडी तशीच परत आणली. माझ्या पगारातली पहिली मोठी वस्तू आहे ओ ही, दहा मिनिटांत अ‍ॅसिड मारायला मन होत नाही.

तर माझं विचारणं एवढंच, की हे ठिपके म्हणजे पेंटच्या आतून आलेला गंज आहे का वर बसलेलं काहीतरी? टाकी तर ठीक, पण काउल आणि मडगार्ड प्लास्टिकचं आहे, त्यावर गंज कसा काय येतोय? आणि घरी, बादलीतल्या पाण्यावर, पेंटला धक्का न लावता हे काढायचं कसं? जाहिरात नको, ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा. खंडेनवमीच्या आत गाडी नीट करायची आहे.

प्रतिसाद:

भावा, प्लास्टिकवर गंज कसा हा प्रश्न तू विचारलास, त्यातच उत्तर आहे की. गाडीचं काही गंजत नाही, गंजतंय ते तुमच्या कंपनीचं लोखंड. ग्राइंडरचा कण उडतो तेव्हा गरम असतो, पेंटवर पडला की चिकटतो, क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, जरासा रुतून बसतो. कोरड्या दिवसात तो नुसता काळा कण. पावसाळ्यात ओल लागली की गंजतो, फुगतो, आणि आजूबाजूला तो तपकिरी डाग सोडतो. रेल्वे स्टेशनजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांना पण होतंय, ब्रेकच्या भुग्यानं.

शाम्पू मळ काढतो, रुतलेलं लोखंड काढत नाही. त्यासाठी आयर्न रिमूव्हर नावाचा स्प्रे मिळतो, कार डिटेलिंगचं सामान ठेवणाऱ्यांकडं किंवा ऑनलाइन. लोखंडाला लागला की जांभळा होतो, डागातून जांभळे ओघळ यायला लागतात, घाबरू नकोस, तेच काम चाललेलं असतं. वास मात्र लई घाण येतो, मोकळ्या जागेत कर, हातमोजे घाल. गाडी आधी नेहमीसारखी धुऊन घे, सावलीत, पत्रा गार पाहिजे. टाकीवर मार, बाटलीवर लिहिलेली मिनिटं थांब, आणि वाळायच्या आत भरपूर पाण्यानं धू. वाळू दिलास तर त्याचाच डाग बसतो. त्यामुळं सगळी गाडी एकदम करू नकोस, आधी टाकी, मग मडगार्ड, मग काउल, असं बादलीवर पण जमतंय. चेन, डिस्क, क्रोम आणि उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर जाऊ देऊ नकोस.

प्रतिसाद:

वरच्यांनी बरोबर सांगितलंय. मी भर घालतो. स्प्रेनं सगळं निघत नाही, खोल रुतलेले राहतात, त्यांना क्ले बार लागतो. मऊ मातीसारखी वडी असते, शाम्पूच्या पाण्यानं पेंट निसरडा करून त्यावरून हलक्या हातानं सरळ रेषेत फिरवायची, दाबायचं नाही, गोल गोल घासायचं नाही. कण वडीत अडकून वर येतात. वडी सारखी मळून स्वच्छ बाजू वर आणायची. आणि खाली पडली तर ती वडी टाकूनच द्यायची, धुवून परत वापरायची नाही, कारण तिला चिकटलेली वाळू सगळ्या टाकीवर ओरखडे काढत जाते.

निघालं का नाही हे डोळ्यांनी कळत नाही. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घाल आणि धुतलेल्या टाकीवरून बोटं फिरव, बोटाला जे लागत नाही ते पिशवीतून बरोबर लागतं. खरखर गेली म्हणजे काम झालं.

रबिंग कंपाउंडचं म्हणाल तर आता अजिबात नको. कण पेंटवर असताना कंपाउंड घासलं की तेच कण पेंटवर फिरणार. आणि कंपाउंड म्हणजे शेवटी क्लिअर कोटचाच थर खरवडून काढणं आहे, तो केसापेक्षा पातळ असतो, किती वेळा काढणार? सगळे कण निघाल्यावर, जरूर वाटली तर बारीक पॉलिश, तेसुद्धा टाकीच्या कडांना आणि उंचवट्यांना हात राखून, कडेला थर आणखी पातळ असतो.

लिंबाबद्दल, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर पातळ केलेलं व्हिनेगर चालतं आणि लगेच धुवायचं, पण रुतलेल्या लोखंडाला लिंबू पुरत नाही, आणि जास्त वेळ राहिलं तर चमक मारतं.

प्रतिसाद:

माझं गॅरेज आहे, म्हणून डिझेलबद्दल लिहितो. हे लोकांनी बंद करायला पाहिजे. इंजिनवर डिझेल मारलं की दोन दिवस काळंभोर चमकतं, मग त्या तेलकट थरावर हायवेची सगळी धूळ बसते. रबराचे पाइप, बुश फुगतात. आणि फवाऱ्यातलं डिझेल डिस्कवर गेलं तर ब्रेक पॅड तेल पितात, मग ब्रेक लागत नाही. एवढं कळूनसुद्धा रोज मारतात, गिऱ्हाईकाला चमक दिसते म्हणून. टायर पॉलिशचं पण तेच, बाजूला लावा, रस्त्याला लागणाऱ्या भागावर थेंब पण नको.

तुमच्याकडं वाळू उडते म्हणजे चेनकडं बघा. धुणं झालं की चेन कोरडी करून ९० नंबरचं गिअर ऑइल ब्रशनं आतल्या बाजूनं लावा आणि जास्तीचं पुसून काढा, नाहीतर वाळू त्यातच बसून चेन खाते. साफ करायला रॉकेल किंवा चेन क्लीनर, पेट्रोल नको, चेनच्या सांध्यात ओ-रिंग (रबराची बारीक कडी) असेल तर ती खराब होते. चाक हातानं फिरवा, इंजिन बंद ठेवून. गिअरमध्ये चाक चालू ठेवून फडका लावणाऱ्यांची बोटं गेलेली मी बघितलीत, म्हणून परत परत सांगतो. आणि ते काळं रॉकेल खाली ट्रे ठेवून धरा, गटारात सोडू नका. गावातली गटारं जयंती नाल्याला मिळतात आणि नाला पंचगंगेला, ती आधीच काय कमी सोसतीय का.

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार, प्लास्टिकवर गंज कसा हेच डोक्यात फिरत होतं, आता उलगडलं. स्प्रे आणि क्ले दोन्ही मागवतो. दोन शंका राहिल्यात. टाकीवर कंपनीचे स्टिकर आहेत, त्यावरून क्ले फिरवायचा का? आणि हे सगळं करून गाडी परत त्याच शेडजवळ उभी राहणार, पार्किंग बदलून मागितलंय पण कधी मिळेल सांगता येत नाही, तोपर्यंत काय? कव्हर घालू का?

प्रतिसाद:

स्टिकरच्या मधल्या भागावर हलका फिरवला तर चालतो, कडेवर नको, कड उचलली की पाणी आत जातं आणि मग स्टिकर टिकत नाही. कडेला स्प्रेनं जेवढं निघेल तेवढं घ्यायचं.

क्लेनंतर त्याच दिवशी वॅक्स लावलाच पाहिजे, कारण क्लेनं जुना वॅक्स पण निघून जातो आणि पेंट उघडा पडतो. पातळ थर, धुरकट झाला की स्वच्छ मायक्रोफायबरनं पुसायचा. तुमच्यासारख्या जागी दोन महिन्यांनी परत लावा. वॅक्स असला म्हणून कण पडायचे थांबत नाहीत, पण पेंटला सहज धरत नाहीत, धुताना बरेचसे निघून जातात. बोअरचं पाणी आहे तर शेवटची बादली शक्यतो महापालिकेच्या पाण्याची घ्या, आणि वाळायची वाट न बघता लगेच टिपून घ्या, फडका ठेवून उचलायचा, ओढायचा नाही.

कव्हर धुतलेल्या गाडीवर घातलं तर उपयोग. वाळू बसलेल्या गाडीवर घातलं की वाऱ्यानं कव्हर हलतं आणि दिवसभर पॉलिश पेपरसारखं घासत राहतं, शिवाय पावसात आत ओल धरते. तुम्ही हायवेवरून येता, म्हणजे कंपनीत पोचेपर्यंत गाडीवर धूळ असणारच, त्यामुळं रोजचं कव्हर नको असं माझं मत. त्यापेक्षा सुटल्यावर निघायच्या आधी बाटलीभर पाणी टाकीवर आणि काउलवर ओता, कोरडा फडका अजिबात मारू नका. ताजा कण ओला होऊन वाहून जातो. रात्रभर राहिला आणि दव पडलं की मग तो बसतो. पार्किंग मागताना शेडच्या कुठल्या बाजूला वारा वाहतो ते बघून मागा, पावसाळ्यात पश्चिमेकडून येतो, तर शेडच्या पश्चिमेला जागा मिळाली तर निम्मा त्रास कमी होईल.