मदत हवी आहे - घरकाम करणाऱ्या मावशींची नोंदणी, सोलापूर

नमस्कार मंडळी, विजापूर रोड भागात आमच्या ओळखीच्या काही मावशी धुणंभांडी, फरशी, स्वयंपाकाची कामं करतात, त्यांची घरेलू कामगार कल्याण मंडळात नोंदणी करायची आहे. कायदा 2008 चा, वय 18 ते 60 चालतं, पण अर्जाला मालकाचं प्रमाणपत्र लागतं आणि इथंच गाडं अडतंय. चार घरी काम करणाऱ्या बाईला चारही घरचे सही द्यायला घाबरतात, उद्या पगार वाढवून मागेल, केस करेल असं वाटतं त्यांना. खरं तर सही दिल्याने मालकाच्या खिशातून काहीच जात नाही हो!

आपल्या सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांसाठी 1966 सालीच वेगळा कायदा झाला, त्यांना फंड मिळतो. मग दुसऱ्याच्या घरात राबणारीला साधी रजा नाही, बाळंतपण म्हणजे काम गेलंच, हे का? बायकांचं काम म्हणून मोजतच नाहीत, मला याचा फार राग येतो.

तर कोणी इथल्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात अशी नोंदणी करून दिली आहे का? एकाच घरची सही चालते का? एका मावशींचं वय 58 आहे, साठीच्या आत झालं पाहिजे म्हणून जरा घाई आहे. आणि एकीला कामाच्या घरी त्रास होतोय, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात घरकामगार पण येतात, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार द्यायला सोबत येईल अशी कोणी ताई असेल तर प्लीज मेसेज करा, त्रास होणाऱ्या मावशींचं नाव मी इथं टाकणार नाही.