मदत हवी आहे: हॅल्सवेलच्या १९०८ च्या शर्यतीबद्दल

नमस्कार मंडळी,

विंडहॅम हॅल्सवेल या ब्रिटिश धावपटूवर शाळेतल्या मुलांसाठी लेख लिहितेय. माणूस सैन्यातला, बोअर युद्धात लढलेला. १९०६ साली स्कॉटिश स्पर्धेत त्याने १००, २२०, ४४० आणि ८८० यार्ड या चारही शर्यती एकाच दिवशी जिंकल्या! नुसतं वाचूनच दम लागतो.

अडलंय ते १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधल्या ४०० मीटरच्या अंतिम फेरीपाशी. मैदानावर स्वतंत्र लेन आखलेल्या नव्हत्या. शेवटच्या टप्प्यात हॅल्सवेल पुढे जायला लागला, तसा अमेरिकेचा कार्पेंटर सरकत सरकत त्याला ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला रेटत गेला. पंचांनी ‘फाउल’ पुकारून शेवटच्या रेषेवरची फीत तोडली आणि शर्यत रद्द केली. कार्पेंटर बाद झाला. दोन दिवसांनी फेरशर्यत ठेवली, पण रॉबिन्स आणि टेलर हे उरलेले दोघे अमेरिकन आलेच नाहीत. हॅल्सवेल एकटाच धावला, ५० सेकंदांत, आणि सुवर्णपदक त्याचं झालं. मला तरी पंचांचा निर्णय योग्य वाटतो. १९१५ मध्ये तो फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला.

इथे कुणी ॲथलेटिक्सचे पंच असतील तर कृपया सांगा: आज ८०० मीटरमध्ये धावपटू आपापली लेन सोडून एकत्र धावायला लागल्यावर कुणी असं आडवं आलं, तर नेमक्या कोणत्या नियमाने बाद करतात? धक्का लागलाच पाहिजे, की वाट अडवणं पुरेसं? फेरशर्यत कधी देतात? आणि १९०८ च्या अधिकृत अहवालातली पंचांच्या जबान्यांची पानं कुणाकडे असतील तर प्लीज पाठवा.