शेळ्या-मेंढ्या जिवंतच जहाजावर चढवायच्या का?

काळी शेळी (तुळजापूर तालुका)
रविवारी बाजारात बोकड दिला. घरच्या काट्यावर २८ किलो भरला होता. हेड्यानं (दलालानं) रुमालाखाली बोटं दाबली, साडेअकरा हजारावर सौदा ठरला. मुंबईत देवनारच्या बाजारात ईदच्या आठवड्यात तोच कितीला जातो, ते मला ठाऊक आहे. गिऱ्हाईक वाढल्याशिवाय भाव वाढत नाही, आणि आखाताला आपली शेळी-मेंढी पाहिजे. कच्छच्या टुना बंदरातून ती जातही आलीय. २०१८ ला नागपूरहून शारजाला दोनेक हजार शेळ्या-मेंढ्या विमानानं जायच्या होत्या. विरोध झाला, बेत बारगळला. जून २०२३ मध्ये पशुधनाच्या आयात-निर्यातीच्या विधेयकाचा मसुदा आला, त्याच महिन्यात मागं घेतला. आयातीचा कायदा अजून १८९८ चाच! ज्यांच्या खुंट्याला एक करडू नाही, ते आमचं गिऱ्हाईक ठरवायलेत.

लातूरची मास्तरीण
त्या मसुद्यात कुत्री-मांजरंसुद्धा पशुधनात धरली होती, ते सोयीनं विसरलात. आणि जहाजावर काय होतं ते वाचा. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातून आखाताकडे निघालेल्या ‘अवासी एक्सप्रेस’वर उष्म्यानं सुमारे २४०० मेंढ्या मेल्या. २०२० मध्ये न्यूझीलंडहून चीनला निघालेलं जहाज जपानजवळ बुडालं. जवळपास सहा हजार गुरं गेली, ४३ खलाशांपैकी दोघं वाचले. न्यूझीलंडनं २०२३ पासून समुद्रमार्गे गुरं पाठवणं बंद केलं. ऑस्ट्रेलियात मेंढ्यांची जहाजं १ मे २०२८ पासून बंद होतील, तसा कायदाच झालाय. ज्यांनी हा धंदा मोठा केला तेच मागं सरलेत, आणि आपण आता पुढं व्हायचं?

टेम्पोमागून
ताई, समुद्र लांब राहिला. मी आठ वर्षं शेरडं वाहिली. मे महिन्यात टेम्पोत फळ्या टाकून दोन मजले करायचे आणि चाळीसच्या जागी सत्तर कोंबायची. १९७८ चे वाहतुकीचे नियम आहेत म्हणे: सहा तासांपेक्षा लांब जायचं तर डॉक्टरचा दाखला, खाली पेंढा, वाटेत चारापाणी. दाखला मिळायचा, जनावर न बघता. पेंढा मी एकदाही पाहिला नाही. मुंबईपर्यंत हे, तर मस्कतपर्यंत कोण बघायला बसलंय?

रिटायर जनावरांचा डॉक्टर
दाखल्याचा टोमणा मला लागला, पण खोटा नाही. खरी अडचण तिथंच आहे. घेणारा देश आधी रोगाचं विचारतो. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) २०३० पर्यंत जगातून हटवायचं ठरलंय, लाळ्या-खुरकूत तर आपल्याकडे आहेच. बोकडाच्या कानात बिल्ला नाही, लसीची नोंद नाही, चार बाजारांतून गोळा झालेला कळप. तो कुठल्या गोठ्यातला हे कोण सांगणार? अशा कळपाला किंमत आली तरी ती गोळा करणाऱ्याला येते, तुम्हाला नाही. माझं मत विचाराल तर मटण पाठवा. थंड करून विमानानं आखातात जातंच.

काळी शेळी
डॉक्टरसाहेब, कुर्बानीला थंड मटण चालत नाही, जिवंत जनावरच लागतं. मटण थंड करून पाठवणारा कारखाना माझ्या टप्प्यात एकही नाही. आणि ताई, २०१५ पासून म्हातारा बैल खाटकाला विकता येत नाही. सोयाबीनचा भाव पडलेला. मुलीची फी भरायची तर रोख कुठून आणू? शेळीच्या दोरीतून. (जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, शेळी अजून उस्मानाबादीच आहे, आणि जुळी देते म्हणून घर चाललंय.)

बांधावरचा
जुळी देते म्हणूनच भीती वाटते. ओंगोल, गीर ही आपली गुरं ब्राझीलनं नेली, वाढवली, आता तिथल्या गीरच्या वीर्याकडे आपण डोळे लावून बसलोय. माद्या गेल्या तर उद्या उस्मानाबादीचंही तेच.

काळी शेळी
मी बोकडाचंच बोलतोय. पाट (तरणी शेळी) विकणारा येडा असतो. बिल्ल्याचं मात्र पटलं. येत्या रविवारी काट्यावर चढवल्याशिवाय बोकड देणार नाही, बघू हेडी थांबतो का.

लातूरची मास्तरीण
चढवा जरूर. पण त्या २४०० मेंढ्यांचं उत्तर अजून दिलं नाहीत.