अकरा आठवड्यांचं पॉइंटर पिल्लू, फेझंट पक्ष्याच्या शिकारीसाठी तयार करतोय, बंदुकीच्या आवाजाची सवय कधी लावायची?

थंडीतला_मावळा
नमस्कार मंडळी, अमेरिकेत मिनेसोटात राहतो, मार्चमध्ये जन्मलेली जर्मन शॉर्टहेअर पॉइंटर मादी आणलीये, नाव चिंगी. शेजारचे आजोबा दर ऑक्टोबरला फेझंटच्या शिकारीला जातात, दोन वर्षं मी त्यांच्याबरोबर नुसता चालायला गेलो आणि त्यांच्या कुत्रीने गवतात पॉइंट धरलेला, म्हणजे लपलेल्या पक्ष्याच्या वासावर ती जागीच थिजून उभी राहिलेली बघून वेडाच झालो, म्हणून हे पिल्लू. फिशिंग रॉडला पंख बांधून समोर फिरवला की चिंगी पुढचा एक पाय उचलून थिजते, घरातले सगळे रोज तोच खेळ करतायत. आता प्रश्न असा की ऑफिसमधला एकजण म्हणतो लहानपणीच शूटिंग रेंजवर घेऊन जा, आवाजाची भीती मोडते. खरंय का? आणि "बस", "थांब" हे हुकूम आत्ता किती शिकवायचे? या सीझनला नेता येईल का?

ब्रिटनीवाला_विस्कॉन्सिन
दादा, हात जोडून सांगतो, रेंजवर नेऊ नका. माझा पहिला ब्रिटनी (हीही पॉइंट धरणारी जात) मी असाच घालवला. चार महिन्यांचा होता, पार्किंगमध्येच उभे होतो, आत कुणीतरी ट्वेल्व्ह गेजची मोठ्या आवाजाची शॉटगन उडवली आणि तो गाडीखाली शिरला तो अर्धा तास बाहेर येईना. पुढे नाक उत्तम निघालं, पॉइंट सुंदर धरायचा, पण बंदूक केसमधून काढताना झिपचा आवाज आला तरी शेपटी पायात. दोन वर्षं प्रयत्न केले, बंदुकीला बुजलेलं कुत्रं परत आणणं फार अवघड. चूक त्याची नव्हती, माझी होती.

आधी पक्षी, मग आवाज, हा क्रम मोडायचा नाही. ओळखीत कुणाकडे घरी परतणारी कबुतरं असतील तर बघा. सुरुवातीला दोन-चार कबुतरं गवतात ठेवा, पिल्लू वासावर जाऊन उठवेल, मागे धावेल, धावू दे, ओरडू नका, ओढू नका, पक्ष्याचं वेड तिथेच लागतं. ती जीव तोडून मागे पळत असताना तुमच्या मदतनीसाने ऐंशी-शंभर यार्डांवरून टिकलीचं पिस्तूल एकदा वाजवायचं. तिने मान वळवली नाही तर ठीक, कान पाडले किंवा थबकली तर त्या दिवशी बंद, पुढच्या वेळी अजून लांबून. असं काही आठवडे थोडं थोडं जवळ येत मग ट्वेंटी गेजची जरा लहान शॉटगन. आणि चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या फटाक्यांना तिला घरात आतल्या खोलीत ठेवा, टीव्ही मोठा लावून, कारण त्या एका रात्रीत कितीतरी पिल्लं कायमची बिघडतात.

पंखाचा खेळ आता बंद करा, खरंच. ती डोळ्यांनी पॉइंट करतेय, नाकाने नाही, रानात फेझंट दिसत नसतो, त्याचा वास येतो. त्यापेक्षा पंख गवतात लपवा आणि वारा तिच्या तोंडावर येईल अशा बाजूने तिला सोडा.

थोडी मोठी झाली की तीस फुटी दोरी आणि रिमोटचा लाँचर, म्हणजे बटण दाबलं की आतलं कबूतर हवेत उडवणारी पेटी. वास लागून ती थांबली तर थांबू दे, एक पाऊल पुढे टाकलं की लगेच कबूतर उडवायचं. चार-पाच वेळा असं झालं की तिचं तिलाच कळतं, पुढे गेलं की पक्षी जातो. "बस" हा हुकूम सध्या शिकवू नका, पॉइंटवर दटावलं की काही पिल्लं खालीच बसतात. हाक मारल्यावर येणं मात्र आजपासून.

सरकारी रानांत एप्रिल मध्यापासून जुलै मध्यापर्यंत कुत्रं मोकळं सोडता येत नाही, पक्षी अंड्यांवर असतात, म्हणून कुणाचं शेत बघा.

लॅबची_आई
वरच्या सगळ्याला अनुमोदन. चार ते सहा महिने दात पडतात तेव्हा वस्तू आणायला लावू नका, हिरड्या दुखतात आणि तोंडात धरायचंच नको होतं. आणि चप्पल उचलून आणली तर रागावू नका हो, "शाब्बास" म्हणून हळूच काढून घ्या, नाहीतर उद्या पक्षी घेऊन लांब पळेल. पाण्यात ढकलू नका, कोमट उथळ तळ्यात आधी तुम्ही उतरा.

उदगीरकर
आमच्याकडे कारवान जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आहे, त्याला तितरावर असंच तयार करता येईल का?

ब्रिटनीवाला_विस्कॉन्सिन
नाही भाऊ, भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, तितर काय, ससासुद्धा नाही, त्या वाटेला जाऊच नका. तसाही कारवान नजरेवर पळणारा, नाकावर चालणारा नाही. मोकळ्या माळावर दोरीला फडकं बांधून वेगाने ओढा, त्याच्या मागे तो जे पळेल ते बघून तुमचे डोळे भरून येतील.

थंडीतला_मावळा
ऑगस्टचं अपडेट. फटाक्यांच्या रात्री बायको आणि चिंगी दोघी बेसमेंटमध्ये. आजोबांच्या मित्राच्या शेतावर सहा वेळा जाऊन आलो, पिस्तूल आता तीस यार्डांवर आलंय आणि तिचं लक्षही नसतं. काल सकाळी दव होतं, ती वाऱ्यात आडवी चालली होती, एकदम मान वळली आणि अख्खं अंग मागे राहिलं, नाकपुड्या हलतायत, पोटाखाली गवतावरून पाणी ठिबकतंय, बाकी काही हलत नाही. लाँचर मी दाबलाच नाही, किती वेळ गेला माहीत नाही, मग आजोबा हळूच म्हणाले आता उडव. सीझनला ती सात महिन्यांची असेल, पहिल्या दिवसाची गर्दी टाळून नंतरच्या एखाद्या मधल्या वारी फक्त आम्ही दोघं नेणार आहोत, बंदूक एकच, आणि तिने स्वतः पॉइंट धरलेल्या नर फेझंटवरच उडवायची असं ठरलंय.