मदत हवी आहे: पाण्याखाली अडकलेली दोरी कापण्यासाठी चाकू घ्यावा की कटर?

अंत्रुजवासी
गेल्या रविवारी गोव्यातल्या ग्रँड आयलंडजवळ, बुडालेल्या जहाजापाशी डाइव्ह करत असताना माझ्या पाठीमागे काहीतरी अडकले आणि मला पुढेही जाता येईना, वरही येता येईना. पाण्यात जेमतेम ३-४ मीटरपर्यंतचे दिसत होते. सोबतच्या मार्गदर्शकाने मला सोडवले, परंतु तो येईपर्यंतचा वेळ मी अजून विसरलेलो नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा जायचे आहे आणि त्याआधी कापण्याचे स्वतःचे साधन हवे आहे. दुकानात चाकू, कटर, कात्री असे सगळेच दाखवतात. कोणते घेऊ, हे कृपया नेमके सांगावे.

खोलपाणी
नेमके काय अडकले होते? तंगूस (गळाचा पारदर्शक नायलॉन धागा), जाळे की जाड दोर? आणि कुठे, टाकीच्या व्हॉल्व्हला, बीसीडीला (टाकी बांधायच्या, हवा भरता येणाऱ्या जॅकेटला) की फिनच्या (पायातल्या वल्ह्याच्या) पट्ट्याला? आपण हातमोजे घालता का, हेही सांगा. एवढे कळल्याशिवाय दिलेला सल्ला आपल्या उपयोगी पडणार नाही.

रापणीचा_वारस
आमच्या घरात तीन पिढ्या रापण (किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढून केलेली मासेमारी) आहे, म्हणून अनुभवाने सांगतो की दातेरी पात्याचा चांगला मजबूत चाकू घ्या. होडीच्या पंख्यात जाळे गुंतले की आम्ही पाण्यात उतरून चाकूनेच कापतो. छोट्या कटरने चिंब भिजलेला, शेवाळलेला दोर कापला जात नाही.

तातडीची_सेवा
मी अपघात विभागात परिचारिका आहे आणि सहा वर्षे डाइव्हही करते. अपघातग्रस्ताचे कपडे कापायला आम्ही जी बोथट टोकाची कात्री वापरतो, तीच मी पाण्यात नेते. ती एका हाताने चालते, तंगूस आणि जाळे दोन्ही कापते, आणि मोठ्या माशांच्या गळाला लावलेली बारीक पोलादी तारसुद्धा तोडते. चाकूच्या अणकुचीदार टोकाने घाबरलेला माणूस आपलीच बीसीडी फाडून बसेल, हा धोका कात्रीत नाही.

रापणीचा_वारस
कात्रीची खीळ खाऱ्या पाण्यात गंजते आणि ऐन वेळी ती उघडत नाही. शिवाय जाड दोरापुढे तिचा निभाव लागणार नाही.

तातडीची_सेवा
खीळ गंजते हे मान्य आहे, म्हणून मी ती प्रत्येक वेळी गोड्या पाण्यात धुते आणि गंज दिसताच बदलते, कारण ती स्वस्त आहे. पण जाड दोर डोळ्यांना दिसतो आणि हाताने बाजूला करता येतो. डाइव्हर अडकतो तो न दिसणाऱ्या तंगुसात.

पणजीचा_प्रवासी
एक लक्षात ठेवा की विमानाने जाताना चाकू हातातल्या सामानात चालत नाही. तो मोठ्या बॅगेतच ठेवावा लागतो, मग दाबोळीहून जा किंवा मोपाहून.

अंत्रुजवासी
मी फोंड्याहून वास्कोला गाडीने जातो, त्यामुळे विमानाचा प्रश्नच नाही. अडकले होते ते तंगूस, आणि तेही मानेमागे, टाकीच्या व्हॉल्व्हपाशी. कापलेला तुकडा मी जपून ठेवला आहे. तो हातभर लांब आहे, त्याच्या एका टोकाला शिशाचे वजन आहे, आणि पाण्यात धरला तर शिसे तेवढे दिसते, धागा दिसत नाही. मी उजव्या हाताने काम करतो आणि पातळ हातमोजे घालतो. काय अडकले आहे ते बघायला मी तेव्हा वळलो होतो.

खोलपाणी
वळलात तिथेच फास आवळला गेला असावा. मानेमागे काही अडकले तर आधी थांबावे, श्वास संथ करावा, जोडीदाराला खूण करावी आणि आलो त्याच रेषेत थोडे मागे सरकावे, म्हणजे ताण सुटतो. जोडीदार जवळ नसेल, तर रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतो तो) तोंडातच ठेवून बीसीडी अंगातून काढावी, समोर घ्यावी आणि डोळ्यांदेखत कापावे. मानेमागे आंधळेपणाने चाकू चालवू नये, कारण हवेची नळीही तिथेच असते.

आता साधनाविषयी. आपण सांगता त्या अडचणीला आकड्यासारखा लाइन कटर सर्वांत सोयीचा आहे. त्याचे काम आपल्या घरातल्या विळीसारखे समजा: पाते खाचेत लपलेले असते, धागा त्या खाचेत येतो आणि ओढ बसली की तुटतो. म्हणून धागा ताणलेला हवा. सैल धाग्यावर कटर नुसता घसरतो, अशा वेळी दुसऱ्या हाताने धागा धरावा लागतो. सिरॅमिकचे पाते गंजत नाही, पण आपटले तर त्याचा टवका उडतो. पोलादी पाते बदलत राहावे. तारेसाठी मात्र कटर निरुपयोगी आहे, तिथे कात्रीच हवी. चाकू घ्यायचाच असेल तर बोथट टोकाचा आणि लहान घ्या. टायटॅनियम गंजत नाही, पण त्याची धार पोलादाइतकी टिकत नाही.

म्हणून माझे मत असे आहे की साधने दोन असावीत आणि दोन ठिकाणी असावीत. एक हात अडकला तरी दुसऱ्या हाताला त्यांपैकी एक सापडले पाहिजे. पोटरीला मोठा चाकू बांधू नका, कारण त्याची मूठच जाळ्यात गुंतते.

रापणीचा_वारस
पोटरीबद्दलचे म्हणणे मला पटते. आमच्याकडेही चाकू कमरेला, पुढच्या बाजूला असतो.

अंत्रुजवासी
काल कटर आणि कात्री दोन्ही आणली. कटर बीसीडीच्या डाव्या खांद्यावरच्या पट्ट्याला लावला, आणि घरी हातमोजे घालून, डोळे मिटून, भावाने ताणून धरलेले तंगूस कापून पाहिले. उजव्या हाताने पहिल्याच वेळी तुटले. डाव्या हाताने मात्र कटरच्या पिशवीची झडप उघडेना, म्हणून तो छातीच्या मध्याकडे सरकवला आणि मग दोन्ही हातांनी जमले. कात्री वजनाच्या पट्ट्याला (खाली जाता यावे म्हणून कमरेला शिसे बांधतो त्या) अडकवू का?

खोलपाणी
तिथे नको. संकटात वजने टाकून देण्याची वेळ आली तर कात्रीही त्यांच्यासोबत तळाला जाईल. ती बीसीडीच्या उजव्या खिशात, खिशातल्या कडीला छोट्या दोरीने बांधून ठेवा. आणि कापलेले तंगूस पाण्यात सोडू नका, त्याच खिशात घालून वर आणा.