ट्रेक ग्रुप (सर्व विंग) : व्हॅली ऑफ फ्लॉवर्सच्या तारखा

वैशाली जोशी, बी-४०२: सचिन, काल रात्री साडेअकराला टाकलेला प्लॅन आत्ता पाहिला. ६ जून? जानेवारीत जुलैअखेर ठरलं होतं ना? कुणाला विचारून बदललं?

सचिन, ए-१०३: काकू, जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. व्हॅली १ जूनला उघडते. ६ ला निघालो तर १० पर्यंत आत. तिकिटं मिळत होती म्हणून काढून टाकली. सर्वांच्या सोयीसाठीच 🙏

वैशाली जोशी, बी-४०२: सर्वांच्या म्हणजे ए विंगच्या.

मुग्धा, डी-२०२: १ जूनला गेट उघडतं, फुलं नाही उघडत. तेव्हा वाटेतल्या नाल्यांमध्ये बर्फाचे पट्टे असतात, वनखात्याची माणसं त्यात पायऱ्या खोदून वाट काढून देतात. बर्फाखालून पाणी वाहत असतं, त्यामुळे कडेचा भाग आतून पोकळ होतो. वरून टणक दिसतो आणि पाय दिला की खचतो. मुलं नेमकी कडेनेच पळतात. फुलं म्हणाल तर बर्फ वितळलेल्या जागी प्रिम्युला आणि पिवळी मार्श मॅरिगोल्ड, बाकी कुरण जेमतेम हिरवं. फोटोत दिसते ती व्हॅली जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतची, फार तर अजून आठवडाभर.

रोहन, सी-१०४: म्हणजे आपण जूनमध्ये व्हॅली बघायची, फ्लॉवर्स ऑगस्टमध्ये कुरिअरने.

शिंदे काका, सी-५०१: व्हॅलीत घोडा जात नाही. घोडा फक्त घांगरिया या मुक्कामाच्या गावापर्यंत आणि पुढे हेमकुंड गुरुद्वाऱ्याला. कृपया नोंद घ्यावी.

सचिन, ए-१०३: काका, आत्ता तारखांचं चाललंय.

कुलकर्णी, ए-३०१: तारखांच्या आधी मागच्या ट्रेकचा हिशोब येणार होता. बसचे उरलेले पैसे. नुसती आठवण करून दिली, बाकी काही नाही.

सचिन, ए-१०३: येतो आहे कुलकर्णी काका. ग्रुपवर दर वेळी नको.

वैशाली जोशी, बी-४०२: आणि ६ जून म्हणजे धोंड्याचा महिना! यंदा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून आहे. आमचे जावई त्याच आठवड्यात येणार आहेत.

रोहन, सी-१०४: काकू, अनारसे इथे टाका, आम्ही जावई व्हायला तयार आहोत.

मुग्धा, डी-२०२: काकूंनी बरी आठवण केली. अधिक महिना म्हणजे पुरुषोत्तम मास, त्यात बद्रीनाथला गर्दी वाढते. आपला रस्ता तोच आहे, ऋषिकेश ते गोविंदघाट, साधारण २७० किमी. जोशीमठच्या खोल्या, जीप, सगळ्यावर ताण येणार.

वैशाली जोशी, बी-४०२: तेच म्हणते मी. जुलैअखेरच ठेवा.

मुग्धा, डी-२०२: जुलैअखेरही यंदा अडचणीची आहे काकू. उत्तरेकडचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस लागतो. अधिक महिन्यामुळे सगळंच पुढे सरकलंय, त्यांचा सावन ३० जुलैला सुरू. कावड यात्रा तेव्हापासून ११ ऑगस्टच्या शिवरात्रीपर्यंत. हरिद्वार-ऋषिकेशमध्ये वाहतूक वळवतात, स्टेशनवरून हॉटेल गाठणंही कठीण. म्हणून दोनच पर्याय: ११ ते २० जुलै किंवा १५ ते २४ ऑगस्ट.

रोहन, सी-१०४: १२ ऑगस्टला दिव्याची अवस आहे. १५ ला निघालो तर गटारी घरी आणि प्रायश्चित्त हेमकुंडला.

शिंदे काका, सी-५०१: घांगरियात शाकाहारीच मिळते. राजमा-चावल, आलू पराठा, मॅगी.

वैशाली जोशी, बी-४०२: *[फॉरवर्ड केलेला व्हिडिओ]* गोविंदघाटचा पूल पडला!!! हे बघा आणि मग तारखा ठरवा.

अनिकेत, बी-१०१: काकू, हा व्हिडिओ ५ मार्च २०२५ चा आहे. दरड कोसळून अलकनंदेवरचा मोटारपूल गेला होता. यात्रा सुरू व्हायच्या आधी तिथे बेली ब्रिज (तयार लोखंडी भाग जोडून केलेला पूल) टाकला आणि त्याच वर्षी यात्रा झाली. प्लीज फॉरवर्ड करण्याआधी तारीख बघत जा.

वैशाली जोशी, बी-४०२: काळजी वाटली म्हणून टाकला. काळजी करायची पण परवानगी घ्यायची का आता ॲडमिनची?

अनिकेत, बी-१०१: तसं नाही काकू. पावसाळ्यात बातमी वाचताना ठिकाण बघायचं. लांबगडला दरड आली की बद्रीनाथचा रस्ता बंद होतो, पण लांबगड गोविंदघाटच्या पुढे आहे, आपल्याला फरक पडत नाही. सिरोबगड (श्रीनगर आणि रुद्रप्रयागच्या मध्ये) किंवा पिपलकोटीच्या पुढचा पागल नाला, पाताळगंगा इथे बंद झाला तर आपण अडकतो. कधी दोन तासांत मोकळा होतो, कधी दुसरा दिवस उजाडतो. म्हणून ऋषिकेश पहाटे पाचच्या आत सोडायचं. पहाडात रात्रीची वाहतूक बंद ठेवतात, संध्याकाळी अडकलात तर आहात तिथेच मुक्काम. प्लॅनमध्ये एक दिवस मोकळा हवाच, आणि तो शेवटी ठेवा. उतरल्यावर परतीची ट्रेन गाठताना त्याची गरज लागते.

सचिन, ए-१०३: मोकळ्या दिवसाचा खर्च कोण देणार? मग पुन्हा हिशोब मागणार सगळे.

कुलकर्णी, ए-३०१: सगळे नाही. मी एकटाच मागतो. बाकीच्यांना भीड पडते.

डॉ. पाटील, डी-४०३: सचिन, तुमच्या प्लॅनमध्ये घांगरियाला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी हेमकुंड आहे. ते उलटं करा. जोशीमठ साधारण १,९०० मीटर, घांगरिया ३,०५०, हेमकुंड ४,३०० च्या वर. सहा किलोमीटरमध्ये बाराशे मीटरहून जास्त चढ आहे. व्हॅली साडेतीन हजारांच्या आसपास, चढ त्यामानाने सोपा. म्हणून आधी व्हॅली, रात्री पुन्हा घांगरियात झोप, मग हेमकुंड. डोकं दुखून मळमळत असेल तर त्या दिवशी वर जायचं नाही. चालताना झोक जात असेल, बोलणं असंबद्ध वाटलं तर लगेच खाली, सकाळची वाट बघायची नाही. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) आपल्या मनाने घेऊ नये, सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी तर आधी विचारायचंच. बीपीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, घोड्यावर चढवलेल्या सामानात नको.

सचिन, ए-१०३: बरं. आईचे गुडघे दुखतात, तिला व्हॅलीत घोड्यावरून नेता येईल का?

रोहन, सी-१०४: 🤦 शिंदे काका, या.

शिंदे काका, सी-५०१: व्हॅलीत घोडा जात नाही. वर लिहिले आहे. राष्ट्रीय उद्यान आहे, १९८२ पासून चराईही बंद. पिट्ठू मिळतो, म्हणजे पाठीवरच्या टोपलीत बसवून नेतात. घांगरियातच ठरवावा, दर आधी बोलून घ्यावा.

मुग्धा, डी-२०२: सचिन, आईंसाठी व्हॅलीपेक्षा पुलनापासूनचं बघ. गोविंदघाटला आपली गाडी ठेवायची, पुढे चार किमी पुलनापर्यंत शेअर जीप. तिथून घांगरिया साधारण दहा किमी. वाटेतल्या भ्यूंडार गावापर्यंत चढ बेताचा, पूल ओलांडला की सरळ अंगावर येतो. वाट फरसबंद आहे, पण ओल्या दगडांवर घोड्यांची लीद बसली की गुळगुळीत तळव्याचा बूट टिकत नाही, खोल खाचांचेच हवेत. घोडा पुलनाच्या काउंटरवर पावती करून घ्यायचा, रस्त्यात ठरवलेला घोडेवाला भ्यूंडारला भाव वाढवतो. हेमकुंडला शेवटी पायऱ्यांचा शॉर्टकट आहे, त्याने उतरू नका. गुडघे तिथेच जातात.

वैशाली जोशी, बी-४०२: ब्रह्मकमळं व्हॅलीत कुठे दिसतात? गेटजवळच का?

मुग्धा, डी-२०२: व्हॅलीच्या कुरणात नाही काकू. ती हेमकुंडच्या वाटेवर, वरच्या टप्प्यात, जुलैअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत. ब्रह्मकमळ हवं असेल तर ऑगस्ट, निळी पॉपी हवी असेल तर जुलै. ऑगस्टमध्ये व्हॅलीत तेरड्याच्या जातीची गुलाबी झाडं छातीइतकी वाढतात. मधूनमधून अमेला नावाचं झुडूप, पांढरट तुऱ्यांचं. अमेला बाकीच्या फुलांना दाबतो म्हणून वनखातं दरवर्षी उपटतं. चराई बंद केल्यामुळेच तो माजला असं म्हणणारेही आहेत, पण तो वाद इथे नको. निळ्या-जांभळ्या टोपीसारखं फूल दिसलं तर हात लावू नका, बचनागाच्या कुळातलं आहे, विषारी.

रोहन, सी-१०४: तेरड्याचा रंग तीन दिवस, सचिनदादाचा प्लॅन दीड.

सचिन, ए-१०३: पुढच्या वेळी तू कर. मला आनंदच होईल.

अनिकेत, बी-१०१: पुरे. कागदपत्रं: नोंदणी दोन वेगळ्या आहेत. हेमकुंडची चारधामच्या पोर्टलवर, व्हॅलीचा परवाना वनखात्याचा. एक केली म्हणजे दुसरी होत नाही. व्हॅलीत मुक्काम करता येत नाही, सकाळी सातला गेट उघडतं, दुपारनंतर आत सोडत नाहीत, संध्याकाळी पाचच्या आत बाहेर. आठला निघालेले लोक पुष्पावती नदीच्या पुलापुढचा चढ संपवून कुरणात पोचेपर्यंत ढग उतरलेले असतात. म्हणून साडेसहाला गेटवर, डबा बरोबर, आत खायला काही मिळत नाही. रिकामी पाकिटं परत आणायची.

शिंदे काका, सी-५०१: आणि घोडा

रोहन, सी-१०४: जात नाही 🙏🙏

अनिकेत, बी-१०१: *[पोल]* ११-२० जुलै: ८. १५-२४ ऑगस्ट: १२. ६ जून: १.

वैशाली जोशी, बी-४०२: जूनचं एक मत कुणाचं ते सगळ्यांना माहीत आहे.

सचिन, ए-१०३: माझं नाही. मी ऑगस्टला दिलंय. जूनची तिकिटं आज रद्द करतो, आत्ता कमी कापतात. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे १५ ऑगस्टसाठी १६ जूनला सकाळी आठ वाजता. नावं, वय, आधारचा फोटो १० जूनपर्यंत मला पर्सनलवर. ग्रुपवर आधार टाकू नका.

कुलकर्णी, ए-३०१: रद्द केल्यावर कापलेले पैसे कुणाच्या खात्यात?

सचिन, ए-१०३: माझ्या. झालं?

कुलकर्णी, ए-३०१: नाही, तसं नको, समान वाटा. मी फक्त विचारलं.

डॉ. पाटील, डी-४०३: पोंचो घेणाऱ्यांनी गुडघ्याच्या वरच थांबणारा घ्या. लांब पोंचोत पायाखालची पायरी दिसत नाही. सॅकला नुसतं कव्हर पुरत नाही, पाणी पाठीच्या बाजूने शिरतं. कपडे आत जाड पिशवीत बांधून ठेवा, कोरड्या मोज्यांचा एक जोड वेगळा, तो फक्त झोपताना.

वैशाली जोशी, बी-४०२: स्लीपिंग बॅग न्यायची का?

मुग्धा, डी-२०२: नको काकू, घांगरियात रजया मिळतात. त्या दमट असतात, म्हणून आतून घालायला सुती लायनर किंवा जुनी चादर शिवून घ्या.